चांद्रमोहिमेचा संवाद कसा वाचावा: आधी वेळ, मग शब्द

अपोलो 11 चा रेडिओ संवाद मी पहिल्यांदा वाचायला घेतला तेव्हा नवव्या पानावर मला झोप लागली. सहाशेच्या वर टंकलिखित पानं, आणि त्यात बहुतेक ठिकाणी एकमेकांना आकडे सांगणारी माणसं. ‘रॉजर.’ ‘कॉपी.’ पुन्हा आकडे. चंद्रावर निघालेली माणसं काहीतरी भारदस्त बोलतील या आशेने मी बसले होते.

चूक माझीच होती, आणि निदान माझ्याकडून तरी ती व्हायला नको होती. वीज नियंत्रण कक्षात मी 31 वर्षं पाळ्या केल्या आहेत. लॉगबुक कसं वाचायचं हे मला नव्याने शिकायचं नव्हतं. पण मी तो संवाद नाटकासारखा वाचत होते: हा काय म्हणाला, त्यावर तो काय म्हणाला. लॉगबुक तसं वाचत नाहीत. तिथे नजर आधी डावीकडच्या रकान्यावर जाते, वेळेच्या.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली एक रात्र सांगते. एकामागून एक सहा फीडर, म्हणजे वेगवेगळ्या भागांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, ट्रिप होऊन बंद पडले. धावपळीत नोंदी करायला सवड मिळाली नाही, म्हणून पहाटे सगळं सुरळीत झाल्यावर आठवून आठवून लिहिल्या. सकाळी चार्ज घ्यायला आलेल्या वरिष्ठांनी वही उघडली, जेमतेम अर्धा मिनिट पाहिली आणि म्हणाले, “हे नंतर बसून लिहिलंय.” माझ्या सगळ्या वेळा पाचाच्या पटीत होत्या. 2:10, 2:15, 2:25. खऱ्या घटना अशा शिस्तीत घडत नाहीत. त्या दिवशी कानाला खडा लावला, आणि तेव्हापासून कुठलीही नोंद दिसली की मी आधी वेळ बघते.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

कागद शोधायला त्रास नाही. नासाने अपोलोच्या सगळ्या मोहिमांचे संवाद खुले केले आहेत. मूळ टंकलिखित पानं स्कॅन करून ठेवली आहेत, पण नवख्याने ‘अपोलो फ्लाइट जर्नल’ आणि ‘अपोलो लूनर सरफेस जर्नल’ या दोन ठिकाणी जावं. तिथे संवादाच्या मध्येमध्ये टिपा आहेत. दुसरं जर्नल एरिक जोन्स यांनी सुरू केलं. चंद्रावर चालून आलेल्या अंतराळवीरांना शेजारी बसवून, जुन्या ध्वनिफिती ऐकवत, ‘इथे तुम्ही नेमकं काय करत होतात?’ असं विचारून त्यांनी टिपा जमवल्या. ऐकायचंही असेल तर ‘अपोलो इन रिअल टाइम’ आहे. तिथे अपोलो 11 च्या काळातलं नियंत्रण कक्षातलं 11 हजार तासांचं ध्वनिमुद्रण ठेवलंय. घाबरू नका, सगळं कोणीच ऐकत नाही.

आता डावीकडचा रकाना. मूळ पानांवर तिथे चार जोड्या दिसतील: 04 06 45 40. म्हणजे दिवस, तास, मिनिटं, सेकंद. हे घड्याळ उड्डाणाच्या क्षणी शून्यावरून सुरू होतं. काही ठिकाणी दिवस मोडून सगळे तासच लिहितात, मग तीच वेळ 102:45:40 अशी दिसते. चार दिवसांचे 96 तास आणि वरचे 6. एकदा हे हाताने करून बघा. अपोलो 11 निघालं 16 जुलै 1969 रोजी, जागतिक वेळेनुसार 13:32 ला. त्यात चार दिवस सहा तास मिळवले की 20 जुलै, 19:32. वर 45 मिनिटं 40 सेकंद. आले 20:17:40. चांद्रयानाच्या पायाखालची काडी चंद्राला टेकली आणि आत निळा दिवा लागला तो हा क्षण. स्वतः केलेल्या बेरजेतून ही वेळ समोर आली तेव्हा माझी झोप उडाली, हे कबूल करते.

दुसरा रकाना बोलणाऱ्याचा. सीडीआर म्हणजे कमांडर, सीएमपी म्हणजे मुख्य यानाचा पायलट, एलएमपी म्हणजे चांद्रयानाचा पायलट. आणि सीसी म्हणजे कॅपकॉम, जमिनीवरून यानाशी बोलणारा माणूस. हा बहुधा स्वतः अंतराळवीरच असे, आणि साधारणपणे तो एकटाच वर बोलत असे. नियंत्रण कक्षात डझनावारी माणसं आपापल्या पडद्यांवर डोळ्यांत तेल घालून बसलेली असत, पण त्यांचा आवाज या कागदावर उमटत नाही. तुम्हाला दिसतं ते गाळून आलेलं.

किती गाळून, ते अपोलो 12 मध्ये बघा. 14 नोव्हेंबर 1969. उड्डाणानंतर 36 सेकंदांनी यानावर वीज कोसळली आणि 52 व्या सेकंदाला पुन्हा एकदा. कमांडर पीट कॉनराड वरून धोक्याच्या दिव्यांची यादी वाचतोय, खाली पडद्यांवर निरर्थक आकडे नाचताहेत. आणि मग कॅपकॉम जेराल्ड कार सांगतो, ‘एससीई टू ऑक्झिलरी’ करून बघा, म्हणजे मोजमापांचे संकेत तयार करणारं उपकरण पर्यायी स्थितीत टाका. कॉनराडला ते नीट ऐकूही येत नाही, तो परत विचारतो. चांद्रयानाचा पायलट ॲलन बीनला मात्र ते बटण कुठे आहे ते ठाऊक असतं. तो ते फिरवतो आणि खालचे आकडे जागेवर येतात.

नुसता रेडिओ संवाद वाचला तर वाटेल, हे कारचं डोकं. प्रत्यक्षात ते सुचलं होतं नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसलेल्या जॉन ॲरनला. वय 26. आदल्या वर्षी एका चाचणीत त्याने असेच विचित्र आकडे पडद्यावर पाहिले होते, आणि ते का आले याचा पिच्छा पुरवला होता, कोणी सांगितलेलं नसताना. त्याचं नाव रेडिओच्या कागदावर कुठेही नाही. ते ऐकायला फ्लाइट डायरेक्टरच्या, म्हणजे नियंत्रण कक्षाच्या प्रमुखाच्या, अंतर्गत लाइनचं ध्वनिमुद्रण लावावं लागतं. म्हणून महत्त्वाचा प्रसंग वाचताना दोन्ही शेजारी ठेवा: वरचा रेडिओ आणि खालची लाइन.

चिन्हांचंही पाहून घ्या. तीन टिंबं म्हणजे टंकलेखकाला शब्द लागला नाही. एक आडवी रेघ म्हणजे बोलणारा अडखळला. दोन रेघा म्हणजे कोणीतरी मध्येच तोडलं, किंवा फीतच संपली. तीन टिंबं म्हणजे ‘विचारात पडला’ असं आपण एरवी वाचतो, तसं इथे वाचू नका.

ऐकताना अजून एक गंमत. चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर, रेडिओलहरीला एका बाजूने सुमारे 1.3 सेकंद लागतात. जमिनीवर झालेल्या ध्वनिमुद्रणात ह्यूस्टनने, म्हणजे तिथल्या नियंत्रण कक्षाने, प्रश्न विचारला की उत्तराला अडीच सेकंदांहून जास्त वेळ जातो. उलट अंतराळवीराने काही विचारलं की ह्यूस्टनचं उत्तर लगेच येतं. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, वरची माणसं सावकाश विचार करणारी आणि खालची हजरजबाबी. यानातल्या टेपवर हेच उलटं होतं. कोणाच्या मौनावरून त्याचा स्वभाव ठरवण्याआधी टेप कुठे चालू होती ते बघा.

सुरुवात कुठल्या दिवसापासून करायची? सगळे थेट उतरण्याच्या प्रसंगावर उडी मारतात. माझं ऐकाल तर आधी एक कंटाळवाणा दिवस वाचा. चंद्राकडे जातानाचा, इंजिन बंद, सगळं ठीक. माणसं साधी असताना कशी बोलतात ते कानात बसलं, की ती घाबरली आहेत हे पुढे ओळखू येतं. पाळीवर नव्या आलेल्या मुलांना मी हेच सांगायची: आधी शांत रात्रीचा आवाज ओळखा.

शिवाय कंटाळवाण्या दिवसांत मौज असते. 20 जुलैच्या सकाळी, उतरायला काही तास असताना, कॅपकॉम रॉन एव्हान्स अपोलो 11 च्या तिघांना वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून दाखवतो. त्यात एक अशी की चंद्रावर चांग-ओ नावाची एक सुंदर चिनी मुलगी चार हजार वर्षांपासून राहते आणि तिच्यासोबत एक मोठा ससा आहे, तर लक्ष ठेवा. वरून उत्तर येतं, ठेवतो लक्ष. ज्या भाषेत चंद्राचं एक नाव शशांक आहे तिच्यात वाचणाऱ्याला हा ससा काही परका नाही. अपोलो 10 च्या यानातल्या टेपचा उतारा तर आणखी खालच्या पातळीवर जातो. टॉम स्टॅफर्ड ओरडतो, रुमाल द्या लवकर, हवेत विष्ठेचा गोळा तरंगतोय. पुढच्या काही ओळी तिघेही गंभीरपणे सांगतात की तो आपला नाही. लाखो किलोमीटर दूर, आणि चौथा माणूस तर यानात नाहीच. मी ते वाचून एकटीच कितीतरी वेळ हसत होते.

हे झालं की मग उतरण्याकडे या. अपोलो 11, 102:38 च्या सुमारास. इथे पेन्सिल हातात हवी.

आर्मस्ट्राँग म्हणतो, प्रोग्रॅम अलार्म. मग आकडा, 1202. काही सेकंदांनी पुन्हा, आणि या वेळी आवाजात धार आहे: त्या 1202 चं काय ते सांगा. मग कॅपकॉम चार्ली ड्यूकचं उत्तर, या अलार्मवर पुढे जायला हरकत नाही. पहिल्या उच्चारापासून या उत्तरापर्यंत डावीकडच्या रकान्यात वजाबाकी करा. साधारण अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात खाली 26 वर्षांचा स्टीव्ह बेल्स आणि मागच्या खोलीत 24 वर्षांचा जॅक गार्मन यांनी निकाल दिलेला आहे. गार्मनजवळ अलार्मच्या आकड्यांची हाताने लिहिलेली यादी होती, कारण उड्डाणाच्या काही दिवस आधीच सरावात असाच एक अलार्म आला होता आणि तेव्हा बेल्सने मोहीम रद्द करायला लावली होती. तो निर्णय चुकीचा होता. त्यानंतर बसून त्यांनी एकेक आकडा तपासला. 1202 चा अर्थ एवढाच की संगणकावर कामाचा बोजा जास्त झालाय. भेटीच्या, म्हणजे मुख्य यानाचा माग ठेवणाऱ्या, रडारकडून त्याच्याकडे निरुपयोगी स्पंदनं येत होती, आणि तो कमी महत्त्वाची कामं बाजूला टाकून महत्त्वाची करत होता. म्हणजे अलार्म वाजत होता, पण यंत्र शहाण्यासारखं वागत होतं.

पुढे ऑल्ड्रिन एका सुरात आकडे म्हणू लागतो. हे मंत्र वाटतात, पण अर्थ सोपा आहे: आधी उंची फुटांत, मग खाली जाण्याचा वेग सेकंदाला किती फूट, मग पुढे जाण्याचा. ‘75 फूट. खाली अर्धा, पुढे सहा.’ आता भागाकार करा. 75 फूट, सेकंदाला अर्धा फूट. असंच चाललं तर टेकायला 150 सेकंद लागतील. आणि ऑल्ड्रिनच्या पाठोपाठ ड्यूकचा आवाज येतो: 60 सेकंद.

हा भागाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा खुर्चीत सरळ बसले. आर्मस्ट्राँग जवळजवळ अधांतरी थांबून पुढे सरकत होता, कारण संगणकाने त्याला मोठमोठ्या धोंड्यांच्या विवराकडे नेलं होतं आणि त्याला पलीकडची सपाट जागा हवी होती. थोड्या वेळाने ‘40 फूट, खाली अडीच. धूळ उडतेय.’ 40 भागिले अडीच, 16 सेकंद. हिशेब जुळायला लागला. पुढे ‘30 सेकंद’ येतं, आणि मग दिवा.

इथे एक गैरसमज काढून टाका. 60 सेकंद म्हणजे 60 सेकंदांचं इंधन उरलं असं नव्हे. शेवटच्या निर्णयाची हाक यायला तेवढे सेकंद उरले. त्या हाकेनंतर 20 सेकंदांत टेका नाहीतर परत फिरा. आणि टाकीतलं इंधन हिंदकळल्यामुळे कमी पातळीचा दिवाही थोडा लवकर लागला होता, हे मोहिमेनंतर तपासणीत दिसलं. प्रसंग तरीही जीव टांगणीला लावणाराच. पण त्यात उगाच तिखट-मीठ घालायला नको.

आर्मस्ट्राँग या सगळ्यात जवळजवळ बोलतच नाही. त्याच्या नावापुढे ओळी नाहीत. त्याच्या हृदयाचे ठोके मात्र मिनिटाला 150 च्या आसपास होते, ते दुसऱ्या कागदावर आहे.

आता मला या साऱ्यात सगळ्यात जवळची वाटणारी जागा. अपोलो 13, 55:55. पाठ झालेलं वाक्य आधी तपासा: ‘ह्यूस्टन, वुई हॅव अ प्रॉब्लेम.’ बहुतेकांच्या तोंडी ते वर्तमानकाळात आहे. कागदावर ते ‘नुकताच एक बिघाड झाला’ अशा अर्थाने, घडून गेलेल्या गोष्टीसारखं आहे. पहिल्यांदा म्हणतो तो जॅक स्विगर्ट. जॅक लाउस्मा खालून परत सांगायला सांगतो, तेव्हा कमांडर जिम लोव्हेल ते पुन्हा म्हणतो आणि जोडतो, मेन बी बसचा विद्युतदाब उतरलाय. बस म्हणजे आमच्या भाषेत बसबार, जिथून सगळीकडे वीज वाटली जाते ती पट्टी. हे वाचून मी तर घरीच पोहोचले.

तिथून सुमारे 14 मिनिटं पुढे या. लोव्हेल खिडकीतून बघतो आणि सांगतो, आपल्यातून काहीतरी बाहेर अवकाशात जातंय. या दोन ओळींमधली 14 मिनिटं सावकाश वाचा, खालची अंतर्गत लाइनही लावा. साय लीबरगॉट, विजेची आणि ऑक्सिजनची जबाबदारी असलेला, सुरुवातीला फ्लाइट डायरेक्टरला सांगतो की उपकरणांचा घोटाळा असावा. तो मूर्ख नव्हता. एकाच वेळी चार गोष्टी बिघडल्याचं मीटर दाखवतात तेव्हा मीटरच बिघडला असण्याची शक्यता जास्त असते. मीही कितीदा आधी मीटरवर टिचकी मारली आहे, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरले आहे. ऑक्सिजनची टाकी फुटली हे मान्य करायला माणसांना किती वेळ लागला, तो वेळ त्या कागदावर सेकंदांसकट नोंदलेला आहे. असं दुसरीकडे फारसं कुठे वाचायला मिळत नाही.

ते वाचून झाल्यावर, मन घट्ट असेल तर, 1 फेब्रुवारी 2003. कोलंबिया शटल परत येत होतं, कल्पना चावला त्यात होत्या. सकाळी 8:54 ला नियंत्रण कक्षातला जेफ क्लिंग सांगतो की डाव्या बाजूचे चार तापमापक बंद पडले. फ्लाइट डायरेक्टर लिरॉय केन लगेच विचारतो: त्या चारांत समान असं काही आहे का? हाच प्रश्न योग्य होता. उत्तर येतं, नाही. 8:59:32 ला कमांडर रिक हसबंड म्हणतो, ‘रॉजर’, आणि पुढचा शब्द अर्धा राहतो. त्यानंतर फक्त ह्यूस्टनचा आवाज: कोलंबिया, ह्यूस्टन, आवाज येतोय का. थोडं थांबून तेच. पुन्हा तेच. 9:12 ला केन दारं बंद करायला सांगतो, म्हणजे आता सगळ्या नोंदी जशाच्या तशा जपायच्या. हे एका बैठकीत वाचू नका. मी वाचलं आणि दोन महिने फायली उघडल्या नाहीत.

मौन नेहमी वाईटच असतं असं नाही. अपोलो 8, 24 डिसेंबर 1968. यान चंद्राच्या मागे गेलं आणि गणिताने सांगितलेल्या सेकंदाला आवाज तुटला. इंजिन पेटवायचं ते पलीकडे, चार मिनिटांहून थोडं जास्त, कोणाला ऐकू न येता. अशा जागी यानातली टेप उपयोगी पडते. पृथ्वी चंद्राच्या कडेवरून वर येतानाचं ते रंगीत छायाचित्र आपण काढलं असं मोहिमेचे कमांडर फ्रँक बोरमन बरीच वर्षं सांगत असत. टेपवर त्यांचा सहकारी बिल अँडर्स घाईघाईने रंगीत फिल्म मागतोय, ते स्वच्छ ऐकू येतं. वाद मिटला.

कागद खोटं बोलत नाही असंही धरून चालू नका. 12 एप्रिल 1961 ला गागारिनच्या 108 मिनिटांत त्याची पेन्सिल तरंगत निघून गेली, लिहिणं थांबलं; पुढे टेपही संपली, तेव्हा ती मागे फिरवून जुन्यावरच बोलायला लागला. हे त्याने स्वतः अहवालात सांगितलं. पण तो यानातून जमिनीवर उतरला नव्हता, सुमारे सात किलोमीटर उंचीवर बाहेर पडून पॅराशूटने आला होता, हे मात्र वैमानिकाने यानातच उतरलं पाहिजे या विक्रमाच्या नियमापायी सोव्हिएत अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं दडवून ठेवलं.

वही कशी ठेवायची ते सांगते आणि थांबते. तीन रकाने पुरतात: वेळ, कोण, आणि मागच्या ओळीपासून किती सेकंद गेले. शब्द लिहू नका, ते कागदावर आहेतच. तिसऱ्या रकान्यात मोठा आकडा आला की पेन्सिलने गोल करा आणि त्या मधल्या काळात कोण काय करत होतं ते दुसऱ्या टेपवर शोधा.

आणि अपोलो 11 च्या चांद्रयानाबद्दलच्या ‘ईगल उतरलं’ या वाक्यावर फाइल बंद करू नका. पहिल्या खेपेस मी केली होती. त्याच्या पुढे दोन मिनिटांच्या आत ड्यूक त्यांना सांगतो, टी-वनसाठी थांबा. यान तिरकं होतंय, गळतंय, रुततंय असं काही दिसलं असतं तर आल्या पावली परत उडायचं होतं, आणि त्यासाठी टी-वन, टी-टू, टी-थ्री अशा तीन वेळा आधीच ठरवलेल्या होत्या. शब्दही बदलला होता. एरवीचा ‘गो’ इथे वापरायचा नाही, चंद्रावर टेकलेल्या माणसाला ‘गो’ म्हटलं तर तो निघायचा. म्हणून ‘स्टे’. ध्वनिफितीत मागे टाळ्या वाजतात, आणि पानावर ऑल्ड्रिन पुढच्या यादीतली बटणं वाचू लागलेला असतो.